कोपऱ्यातला केस

४ मार्च, मंगळवार

माननीय प्रयोगशाळा प्रमुख यांस,

आपल्याकडे ज्याला 'नमुना क्रमांक ४१७' म्हणतात, ते कापड आमच्या चर्चमधलं आहे. आपल्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. बिशपसाहेबांच्या कचेरीने नखाएवढा तुकडा काचेच्या कुपीत घालून, कुठलंही नाव न लावता आपल्याकडे पाठवला होता. तपासणाऱ्याच्या मनात आधीच काही भरू नये म्हणून तशी पद्धत असते म्हणे. चांगली पद्धत आहे.

काल आपला अहवाल आला. फादरांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि वाईट बातमी दुसऱ्याच्या आवाजात ऐकलेली त्यांना जरा बरी वाटते. 'कापड लिननचे असून त्याचा धागा गेल्या साठ-सत्तर वर्षांत उगवलेल्या जवसाचा आहे. त्याहून जुना असणे शक्य नाही.' फादर म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "म्हणजे माझ्याहून लहान आहे की गं," असं म्हणून ते हसले. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

मग मी खालची सही पाहिली. शेवटच्या अक्षराची शेपटी अजून तशीच वर जाते. त्या शेपटीसाठी शाळेत बाई ओरडायच्या, तरी कुणी ती खाली आणू शकलं नाही.

कुपीत जे मावलं नाही ते मी सांगते. हे कापड हातभर लांब आहे, फिक्या चहाच्या रंगाचं. प्रभूला क्रुसावरून खाली उतरवल्यावर याच कापडाने त्याचा चेहरा पुसला, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. एरवी ते काचेखाली असतं. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी फादर काच उचलतात आणि लोक रांगेने येऊन त्याच्या डाव्या कोपऱ्याला एक बोट लावतात. फक्त कोपऱ्याला, फक्त एक बोट. कुणी मुलाच्या परीक्षेसाठी, कुणी नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. एक बसचालक येतो, तो कशासाठी येतो ते त्याने कधी सांगितलं नाही. आपण एका सहीत या सगळ्यांना गप्प केलंत. अभिनंदन.

आपली,
चर्चची रफूवाली

ता. क. अहवालाच्या तिसऱ्या पानावर लिहिलं आहे, 'नमुन्यात एक मानवी केस आढळला. बाहेरचा कचरा समजून तो वेगळा काढला.' तो केस फेकून दिलात का? सहज विचारते आहे.

९ मार्च, रविवार

उत्तर नाही. ठीक आहे. सात वर्षं नव्हतं, त्यात पाच दिवसांची भर.

'माननीय' लिहून माझा हात दुखला, म्हणून आता नेहमीसारखंच लिहिते. तू वाच नाहीतर तुझ्या त्या यंत्रात घालून जाळ. फादर सांगत होते, वय काढायचं तर तुकडा जाळावाच लागतो, त्याच्या धुरातून वय कळतं. त्या रात्री स्वप्न पडलं की कापड दोरीवर वाळत घातलं आहे आणि त्याचा एकेक धागा धूर होऊन वर चालला आहे. मी खाली टोपली धरून उभी होते. टोपलीत काहीच पडत नव्हतं, तरी ती जड होत होती. मग मला जाग आली आणि पाहते तर हात खरंच अवघडला होता.

मी अजून आईच्याच खोलीत काम करते, वेदीच्या मागे, दोन पायऱ्या उतरून. खिडकी तीच, तिच्यातून येणारा उजेड तोच. दुपारी तो इस्त्रीच्या टेबलावर पसरतो आणि वाफ त्यातून वर जाते, तेव्हा खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. तू लहानपणी या टेबलाखाली बसून आईला प्रश्न विचारायचास. देव वर आहे कशावरून? दुखतं ते दातच आहे कशावरून? आईने तुझं नावच 'कशावरून' ठेवलं होतं. "कशावरून, जेवायला चल." आणि तू यायचास, पण कुणी डोक्यावरून हात फिरवायला गेलं की मान काढून घ्यायचास. आईचा हात तसाच हवेत राहायचा.

आता कामाचं. बिशपसाहेबांनी कळवलं आहे की पंधरा एप्रिलला ते कापड काढून कचेरीतल्या तिजोरीत ठेवणार. फादरांना वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात पाठवणार, कारण त्यांनी चाळीस वर्षं लोकांना भुलवलं. 'भुलवलं' हा शब्द मी वाचला नाही, तिथे खोकले. पण त्यांना कळलं. संध्याकाळी पाहिलं तर ते आपल्या पुस्तकांवरची धूळ झटकत होते, एकेक पुस्तक हातात घेऊन. त्या आश्रमात एका माणसाला एकच फळी मिळते.

आणखी एक. तुकडा कुठून कापायचा ते मी दाखवलं होतं. कचेरीचा माणूस कात्री घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही कापडातल्या जाणकार, कमीत कमी नुकसान कुठे होईल?" मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. कोपरा झिजलेलाच होता, म्हणून. बाकी काही नाही.

तुझी ताई

ता. क. केसाचं काय ते कळव.

२१ मार्च, शुक्रवार

प्रिय कशावरून,

तुझं पत्र आलं. छापील कागद, वर प्रयोगशाळेचं नाव, खाली दोन ओळी. 'निष्कर्षात चूक नाही, तपासणी तीनदा केली आहे. केस नियमाप्रमाणे टाकायचा असतो, टाकलेला नाही, काचपट्टीवर आहे. का विचारतेस?'

मी ते पत्र चार दिवस सुयांच्या डब्यात ठेवलं होतं. रोज डबा उघडला की ते मला विचारायचं, का विचारतेस? आज शुक्रवार. रांगेत सात माणसं होती. पूर्वी दाराबाहेरपर्यंत जायची. बसचालक आला, कोपऱ्याच्या कापलेल्या जागेकडे बघत उभा राहिला आणि बोट न लावताच निघून गेला. तेव्हा मी ठरवलं की आता सांगून टाकायचं.

तुझ्या यंत्राची चूक नाही. चूक माझी आहे. तो कोपरा त्या कापडाचा नव्हताच.

तू दहा वर्षांचा होतास, मी पंधराची. त्या शुक्रवारी एका बाईच्या अंगठीचा खडा कोपऱ्यात अडकला आणि कापड टरकन फाटलं. वर्षानुवर्षं बोटं लागून ते आधीच जाळी झालेलं होतं. बाईला कळलंही नाही. फादर त्याच संध्याकाळी तीन दिवसांसाठी बाहेरगावी गेले आणि धूळ पुसायला म्हणून काचेची किल्ली आईकडे होती. त्या कापडाला कुणी सुई लावायची नाही, असा नियम. आईला वाटलं, हे कळलं तर फादरांवर येईल, आपलं काम जाईल, आणि लोकांना वाटेल काहीतरी अशुभ घडलं. तिने इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात घालून ते कापड घरी आणलं.

दोन दुपारी ती खिडकीशी बसून होती. तसंच जुनं, मऊ लिनन हवं होतं. घरात एकच होतं. ते उसवून तिने धागे काढले, कोमट चहात बुडवले, वाळवले, आणि एकेक धागा जुन्या विणीत असा घातला की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते मला तिच्या शेजारी बसूनही दिसेना. टोकं पक्की करायला धागा जाड पडत होता. तेव्हा तिने अंबाडा सोडला, एक लांब केस उपटला आणि सुईत ओवला. जुने रफूगार असंच करायचे. शेवटचे चार धागे तिने मला घालू दिले. मी घाई करत होते. ती म्हणाली, "हळू. तो कुठे पळून चाललाय?"

तर तुझ्या काचपट्टीवर आहे तो आईचा केस आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पिकण्याआधीचा, काळाभोर.

आणि ते घरातलं लिनन म्हणजे तुझ्या उशीचा अभ्रा. आजीच्या चादरीतून शिवलेला. आठवतो? तू दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस, "माझा अभ्रा कुठे गेला?" आणि आम्ही दोघी आकाशाकडे बघत होतो. नमुना क्रमांक ४१७ म्हणून तू तीनदा तपासलास तो तुझाच अभ्रा आहे. वय तू बरोबर काढलंस.

आता जे खरं अवघड आहे ते. आईच्या शेवटच्या दिवसांत फादरांनी ते कापड आणून तिच्या कपाळावर ठेवलं होतं. तू दारातून आलास आणि म्हणालास, "ही चिंधी बाजूला घ्या, तिला श्वास घेऊ द्या." मी सगळ्यांदेखत तुला चालता हो म्हणाले. तू गेलास तो गेलासच. मातीच्या दिवशीसुद्धा फाटकाबाहेर उभा राहिलास. पण तू दाराकडे वळलास तेव्हा आई हसली होती. मला वाटलं, वेदनेने तोंड वाकडं झालं. नाही रे, ती हसली होती. तिच्या कपाळावर तुझाच अभ्रा होता आणि तूच त्याला चिंधी म्हणत होतास. हे तिला सांगता येत नव्हतं आणि मला सांगायचं नव्हतं. मी तुझ्यावर रागावले होते आणि तो राग मला सोडवत नव्हता.

कात्री आली तेव्हा कोपरा मी जाणूनबुजून दाखवला. खऱ्या कापडाला कात्री लागू नये म्हणून मी आईला पुढे केलं.

आता तू ठरव. मी बिशपसाहेबांना लिहिलं तर आईचं नाव निघेल, माझं काम जाईल, तुझा अहवाल खोटा पडेल. नाही लिहिलं तर पंधरा तारखेला फादर एका फळीपुरती पुस्तकं बांधून जातील.

ताई

२ एप्रिल, बुधवार

प्रिय कशावरून,

पोस्टकार्डावर एकच शब्द! मी एवढी चार पानं लिहिली, रडून घेतलं, तिकीट वाकडं लागलं म्हणून दुसरं लावलं, आणि तू काय लिहितोस, तर 'कशावरून?'

आधी राग आला. मग हसू इतकं आलं की इस्त्री तशीच राहिली आणि एका झग्याला डाग पडला. तो झगा घेऊन आता मला दोन दिवस बसावं लागेल, त्याचा दोष तुझा.

कशावरून ते घे. सोबत अभ्रा पाठवते आहे. आईने त्याचा एकच काठ उसवला होता, बाकीचा तिच्या पेटीत तळाशी होता. त्यावर एक पिवळा डाग आहे, तो तुझ्या लाळेचा. तू तोंड उघडं टाकून झोपायचास. माझं काहीच मानू नकोस. तुझ्याकडे नमुन्याचा राहिलेला अर्धा तुकडा असेल. दोन्ही शेजारी ठेव, पीळ बघ, धाग्याची जाडी बघ, चहाचा अंश बघ. तुला जे बघता येतं ते सगळं बघ.

मी मात्र थांबले नाही. बिशपसाहेबांना काल लिहून टाकलं. त्याआधी फादरांना सांगायला गेले. ते बागेत बाकावर बसले होते, उन्हात, मांडीवर टोपी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आई, अंगठी, अभ्रा, कात्री. ते ऐकत होते की झोपले होते ते कळेना. मग म्हणाले, "बस. मान दुखते तुझ्याकडे बघून."

मी बसले.

"तुझ्या आईने शिवलेल्या कापडांवर मी चाळीस वर्षं मिस्साची उपासना केली," ते म्हणाले. "तिचा हात मला ओळखू येणार नाही? बाहेरगावाहून आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी पाहिलं. कोपरा जरा जास्तच नीट होता."

"मग तुम्ही काही बोललात का नाही?"

"काय बोलणार? नियम तिने मोडला आणि कापड तिनेच वाचवलं."

"तेव्हाचं नाही. परवाचं म्हणते मी. मी कोपऱ्यावर बोट ठेवलं, तुम्ही शेजारीच उभे होतात. तुम्हाला माहीत होतं."

टोपी त्यांनी दोनदा उलटी-सुलटी केली. "भीती वाटली," ते म्हणाले. "कोपऱ्यावरून खोटं उत्तर आलं, तर ते खोटं आहे एवढं तरी मला माहीत असणार होतं. खऱ्या उत्तराला मी काय करणार होतो? मी म्हातारा आहे गं. चाळीस वर्षं रोज रात्री त्या काचेसमोर गुडघे टेकलेत."

मला वाटत होतं, भीती फक्त माझी आहे आणि तिला मी श्रद्धा म्हणत होते. ऊन कलत गेलं, आमच्या सावल्या भिंतीवर चढल्या. मला अगदी वाटलं की तिसरी सावलीही आहे आणि ती काहीतरी शिवते आहे. पाहिलं तर झाडाची फांदी होती.

उठताना फादर म्हणाले, "तुझ्या भावाला बोलाव. या वेळी मधोमध कापू दे."

येशील?

ताई

२७ एप्रिल, रविवार

प्रिय कशावरून,

तू म्हणशील, मी तिथे होतोच, मग मला काय सांगतेस? पण तू येण्याआधीचं तुला माहीत नाही आणि तू पाहिलंस ते माझ्या जागेवरून वेगळं दिसत होतं.

चौदा तारखेला तुझ्या दुसऱ्या अहवालाची प्रत आली. बिशपसाहेब उद्या येणार आणि आज लिफाफा. फादर म्हणाले, "वाच." मी उभी राहिले, घसा साफ केला. 'नमुना क्रमांक ४१७ चा निष्कर्ष मागे घेत आहोत. तपासलेला भाग मूळ कापडाचा नसून दुरुस्तीचा होता. ही दुरुस्ती तपासणाऱ्याच्या आईने केली होती. त्याला ती ओळखता यायला हवी होती. आली नाही.'

पुढचं मला वाचता आलं नाही. फादरांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि त्यांना बारीक अक्षर दिसत नसताना तो डोळ्यांपाशी धरून बसले. तुझ्या प्रयोगशाळेत तुला यावरून काय ऐकून घ्यावं लागलं ते तू सांगितलं नाहीस. पण तू आलास तेव्हा तुझा कोट खांद्यातून सैल झालेला होता आणि मी रफूवाली आहे, माणूस कपड्यात कधी आटतो ते मला कळतं.

बिशपसाहेब तसे समजूतदार निघाले. फादरांना दुसऱ्या तपासणीपर्यंत राहू दिलं. मला म्हणाले, "तुमच्या आईने नियम मोडला." मी म्हटलं, "होय." ते कोपऱ्याकडे वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "पण कुठे मोडला ते काही दिसत नाही." माझं काम राहिलं.

आणि मग तू आलास. मी दारात तुझ्याशी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तू म्हणालास, "ताई, पायपुसणं कुठंय?" आणि माझं सगळं भाषण वाया गेलं. तू काचपट्टी रुमालात गुंडाळून आणली होतीस. खिडकीशी जाऊन मी ती उजेडात धरली. एक काळी रेघ, बाकी काही नाही. सात वर्षांत मला आईचा चेहरा नीट आठवत नव्हता, आठवायला गेलं की फोटोतलाच यायचा. त्या रेघेकडे बघताना तिची मान आठवली, वाकलेली, अंबाडा सुटलेला. मी रडले आणि तू खिडकीबाहेर बघत राहिलास. तू तिथून हलला नाहीस, तेवढं मला पुरलं.

फादरांनी काच उचलली. तू मला म्हणालास, "तूच काढ. माझा हात जड आहे." मी मधोमध सुई घातली. कापडाने धागा सोडला तेव्हा आवाज झाला का? मला ऐकू आला. धागा काढला आणि तिथे एक फट राहिली, पापणीएवढी. ती तशी ठेवणं माझ्या जिवावर आलं. आईने उसवलेल्या तुझ्या अभ्र्याचा धागा शिल्लक होता, पण टोकं बांधायला केस हवा होता. माझे सगळे केस मी गेल्या वर्षीपासून काळे करते आणि रंगवलेला केस त्या कापडात चालला नसता, हे तुला सांगताना मला लाज वाटत होती. म्हणून विचारलंच नाही. मागून आले आणि तुझ्या डोक्यातला एक पांढरा उपटला.

"आई गं!" तू ओरडलास. एवढ्या मोठ्याने, त्या काचेसमोर, की आवाज वर छतापर्यंत जाऊन परत आला. फादर दचकले.

तू मान काढून घेतली नाहीस, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ताई

१३ जून, शुक्रवार

प्रिय कशावरून,

लिफाफा मंगळवारी आला. फादरांनी मला उभं राहूच दिलं नाही, शेजारी बसवून घेतलं. तू या वेळी छापील कागदावर लिहिलं नाहीस. तुझ्या हाताने लिहिलंस, शेपट्यांसकट. 'ताई, धागा सुमारे सहाशे ते साडेसहाशे वर्षांचा आहे. चारदा तपासला. दुसरं काही यावं असं मला वाटत होतं, हे मी कुणाला सांगू शकत नाही म्हणून तुला सांगतो.'

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माझी समजूत होती की मी तयार आहे, आणि मी मुळीच तयार नव्हते. लहानपणापासून मी ज्या चेहऱ्याशी बोलत आले तो त्या कापडात कधी नव्हता. फादर म्हणाले, "म्हणजे त्याच्या चेहऱ्याला ते लागलेलं नाही." मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी खोटं बोललं."

मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तेव्हा एखादं आणखी जुनं कापड असेल, बोटं लागून लागून झिजलेलं, आणि कुणीतरी बाई असेल, किल्ली जिच्याकडे होती अशी. कोपरा फाटला असेल, तिने तो विणला असेल. मग दुसऱ्या कुणी कड विणली असेल. विणता विणता सगळंच नवं झालं असेल आणि कुणालाच ते सांगवलं नसेल. आता तू विचारशील, कशावरून. कशावरूनही नाही. मी आयुष्यभर फाटलेलं बघत आले, मला असंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी फादरांनी बिशपसाहेबांच्या कचेरीत जाऊन स्वतः उत्तर सांगितलं. बिशपसाहेबांना तिजोरीची आता गरज वाटली नाही. सहाशे वर्षांचं कापड, ठेवा तिथेच, म्हणाले. फक्त ज्यावर 'प्रभूचा चेहरा पुसला' असं लिहिलं होतं ती पाटी काढायला लावली. आश्रमाचं काय, असं फादरांनीच विचारलं. तर बिशपसाहेब म्हणाले, "ज्याने भुलवलं त्यालाच समजवायला ठेवतो. ही शिक्षा समजा." फादरांची पुस्तकं परत कपाटात गेली, उलटसुलट क्रमाने.

आज शुक्रवार. मिस्सा संपल्यावर फादरांनी लोकांना सरळ सांगितलं. सहाशे वर्षं, दोन हजार नाही. मी चुकीचं सांगत आलो, आणि मला शंका होती तेव्हा मी घाबरलो. काही लोक उठून गेले. एक म्हातारी मोठ्याने रडली आणि तिला मी काय सांगणार? मीसुद्धा रडतच होते. फसवणाऱ्या माणसाला लोक क्षमा करतात, पण फसवणाऱ्या कापडाला कुणी करत नाही. मला वाटलं, आता रांग लागणार नाही.

फादरांनी काच उचलली आणि बाजूला भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाले, "आता कोपऱ्याचा नियम नाही. कुठेही हात लावा."

बराच वेळ कुणी उठलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती, सगळे जण झोपेत बसल्यासारखे दिसत होते. मग मागून बसचालक आला. टोपी काढून बगलेत मारली. कापडावर वाकला, कोपऱ्याकडे बघितलं, आणि मग त्याने पूर्ण तळहात मधोमध ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला. म्हणाला, "ताई, माझी आई पण शिवायची."

त्याच्या मागे चौदा जण आले. मी मोजले. प्रत्येकाने हात मधेच ठेवला, नेमका जिथे मी तुझा केस घातला आहे तिथे. तो पांढरा असल्यामुळे दिसत नाही, आणि तिथे काय आहे हे त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. एकाने तर दोनदा फिरवला.

तुला लहानपणापासून कुणी डोक्यावरून हात फिरवलेला खपत नाही, माहीत आहे मला. आता दर शुक्रवारी सवय कर.

तुझी,
ताई